आक्काच्या डोंगरावरचा आगकिडा

२६ जुलै, शनि.
डबा उघडला आणि डोकंच सणकलं. सगळे किडे एकाच डब्यात ठेवले, अक्कल शेण खायला गेली होती माझी. परवा अमावास्येला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या डोंगरावर रात्री पांढरी चादर ताणून, पुढं दिवा लावून धरलेले, जीव मुठीत धरून परभणीपर्यंत आणलेले. ओली माती दिली, पालापाचोळा दिला. आणि ह्यांनी आत नुसती कापाकापी केली. कुठं मुंडकं पडलंय, कुठं पाय. एक मादी दुसरीच्या पोटात तोंड घालून बसली होती, झाकण काढलं तरी ढिम्म हलली नाही.

उरल्या त्या बहुतेक माद्या. नर एकच. त्याला वेगळ्या नळीत घातला, चिठ्ठी लावली पेन्सिलीनं: ‘नर’.

हा किडा नवा आहे. छातीवर हात ठेवून लिहितो. मुंगळ्याएवढा, लांबुडका, डोकं काळं, अंग भगवं, पंखांची झाकणं निळी आणि निम्म्यावरच संपलेली. त्यामुळे मागचं पोट उघडं. डिवचलं की शेपूट इंचवासारखं वर करतो, पण नांगी नाही. ह्या कुळातले बाकीचे पाहिलेत, हा त्यातल्या कशातच बसत नाही. सह्याद्री नाही, हिमालय नाही, आपला जिंतूरचा डोंगर, येलदरीच्या वरचा. स्टाफरूममध्ये सांगितलं तर हसले सगळे. म्हणाले, आपल्याकडं डोंगर तरी कुठाय. एकाच्या हातातला चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं वाटलं.

२७ जुलै, रवि.
पुण्याच्या सरांना फोन. (माझे गाईड, रिटायर झाले तरी ह्या कुळातला शेवटचा शब्द त्यांचाच.) म्हणाले, नर आहे ना? मग आजच मार त्याला. नराचं जननांग काढून चित्र काढल्याशिवाय नवी जात कुणी मान्य करणार नाही. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. मी म्हणालो, सर, जिवंत रंगाचे फोटो झाले की मारतो, स्पिरिटमध्ये भगवा रंग उडतो. ते म्हणाले, फोटो गेला खड्ड्यात.

जाता जाता एक सांगितलं. जपून हाताळ. हा चावत नाही, डसत नाही, पण अंगावर चिरडला की कातडी जाळतो. तेही मादीच. विष तिच्यात असतं, नरात नावाला.

३० जुलै, बुध.
सु.च्या मानेवर वळ. (बायको. पूर्ण नाव लिहीत नाही, तिच्या हाती ही वही लागते अधूनमधून. सुनंदा, वाचत असशील तर पुढं वाच, तुझ्याबद्दल वाईट काही नाही.) काल संध्याकाळी डब्यातून एक मादी निसटली, हिच्या मानेवर बसली, हिनं फाटकन थापड मारली. काल काहीच नव्हतं. आज कानापासून खांद्यापर्यंत लाल पट्टा, त्यावर पाणी धरलेले फोड. चाबकानं फोडून काढल्यासारखा.

ती शिकवते त्या शाळेत एका मैत्रिणीनं बाजूला घेऊन हळूच विचारलं म्हणे, सर मारतात का गं तुला? सु. हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. माझा आवाज कसा आहे, दारं कशी आपटतो, हे त्या बाईला माहीत असणार.

सु. म्हणाली, अहो, मी मारला नसता तर उडून गेला असता ना?
हो. फुंकर मारायची फक्त.

२ ऑगस्ट, शनि.
आक्काचा फोन. तिच्या वाडीत भानामती झाली म्हणतात.

माणिकच्या घरात. माणिक म्हणजे दाजींच्या चुलतभावाचा मुलगा, आक्काच्या घराला लागून घर. त्याच्या लेकीच्या गालावर वळ उठले, मग बायकोच्या अंगावर. निजताना काही नाही, उठल्यावर वळ. देवरुषी आणला. त्यानं सांगितलं, उगवतीच्या घरातून होतंय, एकटी बाई आहे. उगवतीला घर आक्काचं. दाजी गेल्यापासून एकटीच.

आणि त्यांना पेले सापडले.

माझे पेले. किडे पडावेत म्हणून डोंगराच्या कडेनं जमिनीत काठोकाठ पुरलेले चहाचे प्लास्टिकचे पेले, आत साबणाचं पाणी. रोज उपसायचं काम आक्काकडं दिलं होतं. गुरांनी तुडवू नयेत म्हणून मीच म्हणालो, प्रत्येकापाशी काडी रोव, काहीतरी खूण बांध. तिनं लाल दोरा बांधला. घरात तोच होता. अमावास्येला पुरलेले पेले, आत मेलेले किडे, वर लाल दोरा. वरून डोंगरावर पांढरी चादर अन् दिवा, तो सगळ्या वाडीनं बघितलेला. मी देवरुषी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

आक्का हसायलीय फोनवर. “यिवू दे की बापू, कोण येतंय बघते. दाजीची कुऱ्हाड हाय अजून.”

३ ऑगस्ट, रवि.
वाडीला जाऊन आलो. पेले सगळे उकरून मारुतीपुढं फोडलेत, तिथंच जाळलेत. प्लास्टिकचा वास अजून आहे.

माणिककडं गेलो. पोरीचा गाल बघितला, सु.च्या मानेची भावंडं. ओसरीवर नवा पांढरा दिवा लावलाय ह्यानं, डोळे दिपवणारा, दिव्याखालची भिंत किड्यांनी भरलेली आणि तिथंच सगळे अंथरूण टाकतात. किडे डोंगरावरून दिव्याला येतात, झोपेत अंगाखाली चिरडतात. मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, खरंच. दिवा काढ, पिवळा लाव. माणिक म्हणाला, सर, तुमी शिकलेले हायत, तुमच्या बहिणीला तुमी झाकणारच.

मग त्याच्या बायकोचे वळ दाखवले. रेणुका. पदर बाजूला करून दंड आणि पाठ दाखवली तिनं, तोंड भिंतीकडं. मी वळ जवळून बघितले. तीन-चार आगकिड्याचे होते, फोड धरलेले. बाकीचे नाही. बाकीच्यांना फोड नव्हते, निळे होते, आणि एकाच्या टोकाला चौकोनी खूण होती. पट्ट्याच्या बक्कलाची.

माणिक माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं की मला कळलं.

तिथंच बोलायला हवं होतं. बोललो नाही. रेणुकाच्या पाठीवरचं सगळंच आता भानामतीच्या नावावर खपतंय, आणि भानामती आक्काच्या नावावर.

५ ऑगस्ट, मंगळ.
पोलीस चौकी. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे ना, म्हणालो. जमादार म्हणाला आहे की, पण झालंय काय? कुणी मारलं का? मारलं की या. मी टेबलावर हात आपटला, त्याच्या पाण्याचा ग्लास सांडला. तो शांतपणे म्हणाला, सर, हे सरकारी टेबल आहे.

नर अजून जिवंत. रोज एक माशी मारून घालतो. आज त्यानं माशीचं डोकं आधी तोडलं, मग निवांत पोट खाल्लं. सुंदर जनावर. फोटो हलतातच. शनिवारी राखीला वाडीत जाईन तेव्हा तिकडच्या उजेडात काढतो, मग मारतो.

९ ऑगस्ट, शनि. राखी पौर्णिमा.
आक्काकडं. सकाळी राखी बांधली तिनं, मोठ्ठा लोकरीचा गोंडा, दरवर्षी तसलाच. पुरणपोळी. मग म्हणाली, माणसं बोलवलीत मारुतीपाशी, तू तुझा किडा दाखव अन् मिटव एकदाचं.

गेलो. पारावर पुरुष, लांब बायका. माणिक मधोमध. बरोबर दोन नळ्या नेल्या होत्या, एकीत माद्या, एकीत नर. नर फोटोसाठी आणलेला, घरी ठेवायला भ्यालो, म्हणून खिशातच. मी बोलायला लागलो. ऐकत होते आधी. मग माणिकनं आक्काकडं बोट करून एक शब्द वापरला. वहीत लिहीत नाही. आक्का माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, आईमागं तिनं मला वाढवलं.

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. हातात आली ती नळी उपसली, किडा डाव्या हातावर घेतला, राखीच्या वर, आणि अंगठ्यानं चिरडला. सगळ्यांपुढं. पाक रगडला. म्हणालो, मी धुणार नाही, इथंच मुक्काम करतो, उद्या ह्याच पारावर माझा हात बघा. फोड उठला तर बाईची माफी मागायची, पायावर डोकं ठेवून.

बरं म्हणाले सगळे. माणिकसुद्धा.

लय बरं वाटतंय. आक्का म्हणाली, तू बापूच राहिलास, पारावर मारामारी करणारा.

१० ऑगस्ट, रवि.
काही नाही. हात स्वच्छ.

सकाळी वाटलं, उशीर लागतो कधी. दुपारी उन्हात धरून बघितला. थोडं लाल दिसावं म्हणून खाजवलासुद्धा. मग नळ्या काढल्या.

माद्या सगळ्या जागेवर होत्या. चिठ्ठीवाली नळी रिकामी.

नर चिरडला मी. एकुलता एक. चिठ्ठी बघितलीच नाही.

सगळं एका अंगठ्यात गेलं. जातीचा पुरावाही आणि आक्काचाही.

संध्याकाळी पारावर हात दाखवावाच लागला. मी म्हणालो, चुकून नर आला, नरात विष नसतं, आता मादी लावतो. माद्यांची नळी उघडायला लागलो तर हसले. कुणीतरी मागून म्हणालं, बाई असंल तरच जळतंय म्हणा की सर, आमी बी तेच म्हणायलोत. माणिक सगळ्यात मोठ्यानं हसला. मी नळी उघडली तर कुणी थांबलं नाही. पार मोकळा झाला.

आक्काला म्हणालो, चल माझ्यासोबत. म्हणाली, बैलांना कोण टाकील? तू जा, उद्या कॉलेज हाय तुला.
आलो मी. शेवटची बस होती.

११ ऑगस्ट, सोम.
आक्काला मारलं.

सकाळी आडावर. रेणुकानं केस धरले, बाकीच्या बायकांनी लुगडं ओढलं, माणिक आणि दोघं काठीनं. कुऱ्हाड घरात राहिली. पाणी आणायला कोण कुऱ्हाड घेऊन जातं.

हात मोडला. दोन दात. डोक्याला टाके.

तास अर्धवट टाकून निघालो. मोटारसायकल. वाटेत झरीला भाची, आक्काची लेक, तिला उचललं. पुढं काय काय झालं ते

१४ ऑगस्ट, गुरु.
सोमवारी पुढं लिहिता आलं नाही.

आक्का घरी आणली, इथं परभणीत. हात गळ्यात बांधलाय. तोंड एका बाजूनं सुजलंय, तरी बडबड चालूच. सु. तिला भात मऊ करून भरवते. आक्का म्हणते, मी लहानपणी ह्याला भरवायची, हा थुंकायचा.

तक्रारीवर अंगठा द्यायला तयार नाही. जमादार स्वतः आला दवाखान्यात, ह्या वेळेला कागद घेऊन. आक्का म्हणाली, पडले आडावर, शेवाळ होतं. मी तिथंच ओरडलो तिच्यावर. नर्सनं मला बाहेर काढलं. नंतर आक्का म्हणाली, “बापू, तू परभणीत राहतूस. मला त्याच घरात मरायचंय. दोघाचौघाला आत घालून मी त्या वाडीत एकली निजू का?”



रुमाल भिजत घातलाय. पारावर चिरडल्यावर अंगठा पुसला होता तो, त्याला नराचे तुकडे चिकटलेत. पोटाच्या शेवटच्या खंडाचा तुकडा मिळाला, नर ओळखायची खाच आहे त्यावर. आतलं जननांग मात्र दोन ठिकाणी तुटलंय, टोकच नाही. सरांना फोटो पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर: ह्यावर जात उभी राहत नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
आक्का सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसली. म्हणाली, दाखव तरी माझा वैरी. मादी दाखवली. बराच वेळ बघत राहिली, सुजला डोळा मिटून, दुसऱ्यानं. म्हणाली, लुगडं झकास नेसलीय. भगवं-निळं.

मग सगळं खरं सांगितलं तिला. नर चिरडला, चूक माझी, मादी लावली असती तर फोड उठला असता आणि तुझा हात शाबूत असता. वाटलं शिव्या देईल. ती नळीकडंच बघत होती.
“म्हंजे बाईच जाळती.”
हो, म्हणालो.
“अन् तिला कुणी रगडलं तरच.”
हो.
 रात्री पोटभर जेवली.

२१ ऑगस्ट, गुरु.
उद्या पोळा. आक्का ऐकत नाही. भाचा, तिचा लेक, एरवी बाहेरगावी असतो, तो येऊन बैल सांभाळतोय तिथं, पण बैलांच्या सणाला धनीण नाही म्हणजे काय, म्हणते. सु.नं समजावलं, मी समजावलं, भाची रडली. शेवटी रजा टाकली, मी सोबत जातोय.

माद्यांची नळी हलकी वाटली आज. चार-पाचच दिसल्या. खाल्लं असेल एकमेकींना.

२३ ऑगस्ट, शनि.
काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढंमागं कुणी विचारलं तर.

दुपारी वेशीत बैल उभे राहिले. शिंगांना बेगड, अंगावर झुली. आक्का गळ्यात बांधलेल्या हातानं आपल्या जोडीपुढं उभी. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, कुणी बाजूलाही सरकत नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

माणिक आला. पिलेला होता. म्हणाला, करणीवालीचे बैल ओळीत नकोत. भाचा म्हणाला, सणाचं राहू दे दादा. माणिकनं काठी उचलली आणि बैलाच्या नाकपुडीवर घातली. पोळ्याच्या दिवशी. बैलाचं रक्त झुलीवर आलं. बैल हंबरला आणि गुडघ्यावर बसला.

मी माणिकला मागून धरलं. दोन्ही हात पिरगाळून पाठीशी. भांडण सोडवायला म्हणून धरलं, असं सांगता येईल. तसं नव्हतं. मला त्याचा हात मोडायचा होता, आणि खांद्यात कट्कन आवाज येईपर्यंत मी रेटत होतो.

आक्का समोर आली. कमरेची तंबाखूची डबी काढली, दातांनी उघडली, चांगल्या हातावर उपडी केली. मला वास आला, ओल्या मातीचा. तिनं हात माणिकच्या मानेवर ठेवला आणि रगडला, मानेवरून गालावर, गालावरून डोळ्यावर. सावकाश, तेल चोळतात तसा.

“उद्याच्याला सांग, कसं वाटतंय ते.”

मला कळलं तेव्हाच, त्या डबीत काय होतं. मी हात सोडले नाहीत.

नंतर मी ओरडलो, साबणानं धू, डोळा पाण्यानं धू, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, तुमचा किडा बघितलाय आमी, सर. आणि हसला. माझा स्वच्छ हात त्यानं बघितला होता ना.

२५ ऑगस्ट, सोम.
माणिक जिंतूरला दवाखान्यात. मानेपासून कपाळापर्यंत सोलून निघालाय, डोळा बंद, पू. खांदाही उतरलाय, तो माझ्याकडून.

डॉक्टरनं सांगितलं, किडा आहे, ह्या दिवसांत असे लय पेशंट येतात. म्हणजे मी बरोबर होतो. लहान पोरासारखा आनंद व्हायला हवा होता मला.

भाचा वाडीहून सांगतो ते वेगळंच. देवरुषी परत आला आणि म्हणाला, बघा, मी सांगितलं नव्हतं? सगळ्या गावापुढं तिनं हात लावला, उद्या बघ म्हणाली, आणि उद्या झालं. सरानं लावलं तर काही नाही. तिनं लावलं तर माणूस जळाला. ह्याहून पुरावा काय पाहिजे?

आता मी काय सांगू त्यांना. एकच गोष्ट घडली आणि दोन्ही बाजूंनी सिद्ध झाली.

आक्का वाडीतच आहे. कुणी हात लावत नाही. आडावर गेली की बायका बाजूला होतात, घागर आधी भरू देतात.

३१ ऑगस्ट, रवि.
डोळा वाचला माणिकचा. अंधुक दिसतंय, येईल म्हणतात. हे कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन बसलो, नळ सोडून. सु. दाराबाहेर उभी होती. नंतर म्हणाली, गेला असता तर? मी म्हणालो, माहीत नाही.
ती म्हणाली, त्या दिवशी मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी हसले होते. आता कुणी विचारलं तर हसणार नाही मी.
मी दार आपटलं नाही. सावकाश लावलं.

७ सप्टें., रवि.
सर विचारतात, नर मिळाला का? बाकी वर्णन तयार आहे, मादीची चित्रं झाली, फोटो झाले. डोंगर, उंची, झाडं, सगळं लिहिलं. नुसती नराची जागा कोरी.

नावाचं पण अडलंय. पहिल्या दिवसापासून ठरलं होतं, आक्काच्या नावानं ठेवायचं, शकुंतलावरून. नवी जात म्हणजे जगाच्या पाठीवर कायमचं नाव. आता तेच नाव ठेवलं तर वाडीतल्या लोकांनी जे तोंडी ठरवलं ते मी छापून देतो की. जाळणारा किडा, आणि नाव शकुंतलाचं. खोडलं. दुसरं सुचत नाही. परत लिहिलं.

वाडीला जाऊन चादर लावायची हिंमत नाही. कॉलेजातला एक जण म्हणाला, दुसऱ्या डोंगरावर शोध. अरे बाबा, हा दुसऱ्या डोंगरावर नाही, तेच तर सांगतोय सगळं वर्णन.

१४ सप्टें., रवि.
आत्ता आक्काचा फोन ठेवला. लगेच लिहून काढतो.

आधी इकडचं तिकडचं. हाताचं प्लॅस्टर निघालं, बैलाचं नाक भरलं, माणिक घरी आला. मग म्हणाली, रेणुका आली होती. मागच्या दारानं, दिवसाढवळ्या, पदराखाली पितळी घेऊन, ताक मागायला आल्यासारखी. जिनं आडावर केस धरले होते तीच. आक्का म्हणते, मी म्हणलं आता ही काय घेऊन आलीय, विळा का कोयता.

पायावर पडली. म्हणाली, काकू, त्याचा डोळा मिटला होता, खांदा उतरला होता, तेवढे दिस हात उचलला न्हाई त्यानं. परवापासून नीट दिसाया लागलंय. पट्टा परत खुंटीवरनं काढलाय. पाठ दाखवली. पोरीचा दंड दाखवला.

आणि म्हणाली, परत लावा.

रेणुका एकटी नाही. दोघी अजून येऊन गेल्या, एक तर शेजारच्या वाडीची. आक्का आता रोज तिन्हीसांजेला ओसरीवर पांढरा दिवा लावते. माणिकनं काढून टाकलेला, रेणुकानंच आणून दिलेला. बरण्या भरतायत म्हणे.

मी म्हणालो, आक्का, माणसाचा डोळा जातो त्यानं. कायमचा. त्या दिवशी नशीब होतं.
“ठाव हाय मला.”
मी म्हणालो, पोलिसात जाऊ, रेणुकाला घेऊन ये इकडं, सु. आहे, मी आहे.
म्हणाली, तिला म्हणलं मी ते. ती म्हणती, मंग पोरीला कुठं ठिवू अन् रानाचं काय? तुझ्यासारखंच म्हणाली बघ, मारलं की या म्हणतेत चौकीत. मारलंय तर म्हणतेत, घरातलं हाय.

 तिच्या मागं बैलाची घंटा ऐकू येत होती. मी विचारलं, माझ्याकडून काय पाहिजे?

“बापू, नर कंचा अन् मादी कंची, ते कसं वळखायचं तेवढं सांग. नर फुकट कशाला मारायचे. ते तुला ठिवते बाजूला. तुझं काम बी अडलंय ना?”

सांगायला एक वाक्य लागतं. पोटाच्या शेवटच्या खंडाला खालून खाच असली तर नर. साध्या भिंगातून दिसतं. तिचे डोळे अजून चांगले आहेत.

उद्या सांगतो म्हणालो. ती म्हणाली, बरं, सकाळी कर फोन, दुपारी रेणुका येणार हाय.